भरतीची वेळ सांगणारा शेल आणि त्याच्या टेस्ट

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोरच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी गाठावी लागते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. पाणी किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल, याचा एक तोंडी हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. म्हणून अष्टमीला भर दुपारी किल्ल्याकडे चालत जाता येतं आणि पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळी तिथे उधाणाचं पाणी असतं. ज्यांनी शाळेत पाउणकी पाठ केली होती, त्यांना यासाठी कागदसुद्धा लागत नसे.

हा हिशेब संगणकाला शिकवायला पायथॉनच्या चार ओळी पुरतात. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारा एखादा विद्यार्थी एका संध्याकाळी असा प्रोग्राम लिहू शकेल, की स्क्रीनवर प्रॉम्प्ट दिसतो, आपण तिथी टाइप करून एंटर दाबतो आणि खाली उत्तर उमटतं:

वेळा> तिथी ८
भरती अंदाजे ६:००, ओहोटी अंदाजे १२:००
वेळा> तिथी ४
भरती अंदाजे ३:००, ओहोटी अंदाजे ९:००

प्रोग्राम लिहून झाला. तो बरोबर चालतो हे कशावरून म्हणायचं, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. दोन-चार तिथी टाइप करून बघितल्या आणि उत्तरं पटली, की बहुतेक जण थांबतात. माझं म्हणणं असं, की माणसाशी बोलणारा प्रोग्राम सहसा गणितात अडखळत नाही, बोलण्याच्या कडांवर अडखळतो: कोणी नुसतं एंटर दाबलं, कोणी वाक्य अर्धंच सोडलं, कोणी आकडा अक्षरात लिहिला तर. या कडा एकेक करून तपासायचं साधन म्हणजे युनिट टेस्ट. आणि बोलणं मराठीत असेल तर या टेस्ट आपल्यालाच लिहाव्या लागतात, कारण ज्यांनी मूळ साधनं घडवली त्यांच्यासमोर देवनागरी नव्हती.

शेल म्हणजे काय

एक ओळ वाचायची, तिचा अर्थ लावून काम करायचं, उत्तर छापायचं आणि पुन्हा पुढच्या ओळीची वाट बघायची. या फेऱ्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला संवादी शेल म्हणतात. ही पद्धत लिस्प भाषेसोबत वाढली. पीडीपी-१ या यंत्रासाठी केलेल्या लिस्पचं वर्णन एल. पीटर डॉइच आणि एडमंड बर्कली यांनी १९६४ मध्ये छापलं, त्यात ‘वाचा, अर्थ लावा, छापा’ या फेऱ्याचा उल्लेख आहे. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथॉन सुरू केलं. त्यातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प निघाला आणि आज विज्ञानाचे हजारो विद्यार्थी त्यावर काम करतात. जावासारख्या भाषेलाही अखेर २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीसोबत, स्वतःचा शेल मिळाला. नवशिक्याला शेल फार मोलाचा वाटतो, कारण विचारलं की लगेच उत्तर मिळतं आणि चूक झाली तर तिथल्या तिथे कळते.

युनिट टेस्टची कल्पनाही अशीच सोपी आहे. प्रोग्रामचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याला ठरलेलं इनपुट द्यायचं आणि आलेलं उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी जुळतं का ते संगणकालाच तपासायला लावायचं. केंट बेक यांनी स्मॉलटॉकसाठी असं साधन केलं होतं. पुढे १९९७ मध्ये त्यांनी आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटचा पहिला आराखडा लिहिला. पायथॉनच्या २००१ च्या २.१ आवृत्तीत ‘युनिटटेस्ट’ आणि ‘डॉकटेस्ट’ ही दोन्ही मॉड्यूल एकदमच आली. डॉकटेस्टकडे पुढे वळू, कारण तिचा जन्मच शेलमधून झाला आहे.

शेलच्या टेस्ट लिहायला लोक बिचकतात त्याचं कारण उघड आहे. साध्या फंक्शनला आकडा दिला की आकडा परत येतो. शेल माणसाची वाट बघत थांबतो, स्क्रीनवर लिहितो आणि मागच्या ओळी लक्षात ठेवतो. टेस्ट चालवताना तिथे माणूस नसतो. मग शेल कोणाची वाट बघणार? बिचकलेला विद्यार्थी टेस्ट नको म्हणतो, हाताने चारदा टाइप करून बघतो आणि पुढच्या आठवड्यात कोड बदलला की तेच टाइप करणं विसरतो.

आधी गणित वेगळं काढा

पहिला उपाय टेस्टचा नाही, कोडच्या मांडणीचा आहे. तिथी घेऊन वेळ सांगणारं फंक्शन वेगळं ठेवा. त्याने काहीही छापायचं नाही आणि कोणालाही काही विचारायचं नाही. ओळ वाचून शब्द सुटे करणारं फंक्शन दुसरं, उत्तराची ओळ तयार करणारं तिसरं. शेल म्हणजे या तिघांना एकत्र बांधणारा पातळ धागा राहिला पाहिजे. धागा जितका पातळ, तितकं टेस्टचं काम हलकं.

आता पहिल्या फंक्शनच्या टेस्ट लिहू. वेळ मिनिटांत मोजली तर तिथी गुणिले ४५, एवढंच सूत्र आहे. अपूर्णांकाऐवजी मिनिटं घेतलेली बरी, कारण संगणकाच्या दशांशात बारीक कसर राहते. पायथॉनला ३ गुणिले ०.८ विचारा, उत्तर २.४००००००००००००००४ येतं. पूर्ण मिनिटांत हिशेब केला की ही कटकट उरत नाही.

तिथी ४ दिली, तर ३:०० यावे.
तिथी ८ दिली, तर ६:०० यावे.
तिथी १ दिली, तर १२:४५ यावे.
तिथी १५ दिली, तर ११:१५ यावे.
तिथी ०, १६ किंवा उणे ३ दिली, तर ‘तिथी १ ते १५ मध्ये द्या’ असा निरोप यावा.

तिसरी ओळ बघा. गणिताने प्रतिपदेचं उत्तर ०:४५ येतं. किनाऱ्यावर कोणी शून्य वाजून पंचेचाळीस मिनिटं म्हणत नाही. ‘पाऊण वाजता’ म्हणतात आणि घड्याळात ते १२:४५ असतं. तेव्हा शून्याच्या जागी बारा दाखवायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. तो कोडमध्ये कुठेतरी गाडून ठेवला तर पुढचा माणूस चूक समजून काढून टाकेल. टेस्टमध्ये लिहिला तर तो काढताक्षणी टेस्ट पडेल आणि त्याला कळेल, की हे कोणीतरी ठरवून केलं होतं.

चौथी ओळ त्याहून बोलकी आहे. पौर्णिमेला ११:१५ आणि दुसऱ्या दिवशी कृष्ण प्रतिपदेला १२:४५. एरवी दर तिथीला भरती ४५ मिनिटं पुढे सरकते, मग इथे एकदम दीड तासाची उडी कशी? कोडमध्ये चूक नाही, ही फट नियमातच आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जातो. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. म्हणजे खरा गुणक चारपंचमांश आहे. पाऊणपट ही तोंडी हिशेबाची सोय. दर तिथीला ३ मिनिटांची कसर राहते, पंधरा तिथींत ती ४५ मिनिटं होते आणि पक्ष पालटताना एकदम भरून निघते. हाताने चार तिथी तपासणाऱ्याला हे दिसत नाही. कडेची तिथी मुद्दाम तपासणाऱ्यालाच ही फट सापडते आणि तिच्यापायी नियमामागचं खगोलही कळतं. टेस्ट लिहिताना विषयाची समज अशी वाढते, म्हणून मला हे काम नेहमी अभ्यासाचं वाटत आलं आहे.

अपेक्षित उत्तर कुठून आणायचं

टेस्टमध्ये लिहिलेलं उत्तर प्रोग्राममधूनच उचललं, तर टेस्टला काही अर्थ राहत नाही. प्रोग्राम चालवला, आलेलं उत्तर नकलून घेतलं आणि ‘हेच यावं’ असं लिहिलं, तर चूकसुद्धा बिनबोभाट पक्की होते. उत्तर दुसऱ्या वाटेने यायला हवं.

याचा एक उत्तम धडा अलिबागमध्येच घडला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम तिथून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागला हलवलं गेलं. १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, पण कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं आणि दोन्ही मालिकांमधला फरक नक्की करून घेतला. त्यामुळे आधीच्या अनेक दशकांच्या नोंदी पुढच्या शतकाच्या नोंदींना सलग जोडता आल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. या संस्थेचं मुख्यालयही रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलला आहे.

जुना कोड मोडून नवा लिहिताना हीच शिस्त लागते. आपण पाऊणपटीचं फंक्शन काढून ४८ मिनिटांचं घालणार असू, तर काही काळ दोन्ही ठेवा. पंधराही तिथी दोघांना द्या. दोघांतला फरक तिथीगणिक ३ मिनिटांनी वाढत जाऊन पौर्णिमेला बरोबर ४५ मिनिटं भरला पाहिजे. ही अपेक्षा टेस्ट म्हणून लिहून ठेवा. तो फरक भलताच निघाला, तर जुना कोड टाकून देण्याआधीच चूक हाती लागेल.

इथे युनिट टेस्टची मर्यादाही समजून घ्यावी. ती प्रोग्राम नियमाशी ताडून बघते. नियम समुद्राशी जुळतो का, ते तिला कळत नाही. खऱ्या भरतीवर किनाऱ्याचा आकार, खाडीची खोली, वारा, हवेचा दाब या सगळ्यांचा परिणाम होतो. रेवदंड्याच्या खाडीत आणि मुरुडच्या उघड्या किनाऱ्यावर पाणी एकाच मिनिटाला चढत नाही. समुद्राशी ताळा करायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं घ्यावीत. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे, आणि अशा प्रत्यक्ष नोंदींवरूनच कोष्टकं तयार होतात. ती तपासणी वेगळ्या जातीची. तिथे उत्तर मिनिटाला मिनिट जुळायची अपेक्षा नसते, फरक किती चालेल हे आधी ठरवावं लागतं.

म्हणूनच वरच्या शेलच्या उत्तरात ‘अंदाजे’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दासाठीही एक टेस्ट असावी. उत्तराच्या प्रत्येक ओळीत ‘अंदाजे’ आहे का, एवढंच ती तपासेल. ही वेळ वाचून कोणी मुलाबाळांना घेऊन पाण्यातली वाट धरू शकतो. ओळ सुटसुटीत करण्याच्या नादात उद्या कोणी तो शब्द उडवला, तर टेस्टने त्याला अडवलं पाहिजे.

बोलण्याच्या कडा

आता संवादाकडे येऊ. पायथॉनसोबत ‘सीएमडी’ नावाचं एक तयार मॉड्यूल येतं. त्यावर आधारून शेल पटकन उभा राहतो. प्रत्येक कमांडसाठी एक फंक्शन लिहायचं, वाचण्याची फेरी मॉड्यूल सांभाळतं. टेस्टच्या दृष्टीने त्यात दोन सोयी आहेत. फेरी सुरू न करता एकच ओळ हातात देऊन चालवता येते. शिवाय कीबोर्ड आणि स्क्रीनच्या जागी मेमरीतला मजकूर लावता येतो. टेस्ट त्यात चार ओळी ठेवते, शेल त्या वाचतो, उत्तरं दुसऱ्या मजकुरात जमा होतात आणि टेस्ट ती तपासते. अटी दोन: मॉड्यूलचं ‘use_rawinput’ बंद ठेवलं पाहिजे, नाहीतर ते दिलेला मजकूर सोडून कीबोर्डच वाचतं; आणि आपल्या फंक्शनांनी थेट स्क्रीनवर न छापता शेलला दिलेल्या आउटपुटमध्ये लिहिलं पाहिजे.

अशा टेस्ट लिहायला घेतल्या, की या मॉड्यूलचे दोन स्वभाव लगेच कळतात. पहिला असा, की रिकाम्या ओळीवर एंटर दाबलं तर ते मागची कमांड पुन्हा चालवतं. वेळ विचारण्याच्या कमांडला हे चालून जातं. पण ‘नोंद पुसा’ अशी कमांड असेल आणि माणसाने सहज एंटर दाबलं, तर दुसरी नोंदही पुसली जाईल. रिकाम्या ओळीवर काहीही होऊ नये, ही टेस्ट लिहिलीत तर ती आधी पडेल. मग रिकाम्या ओळीचं फंक्शन आपण बदलायचं, की टेस्ट पास होते.

दुसरा स्वभाव इनपुट संपण्याविषयी आहे. ओळी संपल्या की मॉड्यूल ‘ईओएफ’ ही अक्षरं कमांड म्हणून पुढे पाठवतं. तिच्यासाठी फंक्शन लिहिलेलं नसेल तर शेल ‘अनोळखी कमांड’ असं छापतो, पुन्हा वाचतो, पुन्हा तेच छापतो आणि थांबतच नाही. टेस्ट अडकून पडते आणि पडदा त्याच एका ओळीने भरत राहतो. शेलच्या टेस्टमध्ये ‘इनपुट संपलं की शेल शांतपणे बंद व्हावा’ ही टेस्ट सगळ्यांत आधी लिहावी, ती याचसाठी.

प्रोग्रामिंगच्या शेलला आणखी एक अवघड कड असते. माणसाने उघडा कंस लिहून एंटर दाबलं, तर ती चूक म्हणायची की वाक्य अजून पुरं व्हायचं आहे असं समजायचं? पायथॉनने यासाठी तीन उत्तरं ठरवली आहेत. ओळ पुरी असेल तर चालवण्याजोगा कोड परत मिळतो, अपुरी असेल तर ‘काही नाही’ असं मूल्य मिळतं आणि चुकीची असेल तर व्याकरणाची चूक दाखवली जाते. ‘काही नाही’ मिळालं की प्रॉम्प्ट तीन टिंबांचा होतो आणि शेल पुढची ओळ मागतो. आपला शेल लहान असला तरी या तिन्ही शक्यतांची एकेक टेस्ट हवीच. नुसतं ‘तिथी’ लिहून आकडा दिला नाही, ही आपल्या शेलमधली अपुरी ओळ. तिथे ‘कोणती तिथी?’ असं विचारणारा शेल नवशिक्याला पुढे नेतो, ‘चूक’ एवढंच म्हणणारा त्याला घरी पाठवतो.

दोन पथ्यं आणखी पाळायची. प्रत्येक टेस्टने नवा कोरा शेल घ्यावा. शेल मागचं लक्षात ठेवत असल्याने एका टेस्टचा उरलेला माल दुसरीत शिरला, तर टेस्टचा क्रम बदलताच निकाल बदलतो आणि चूक शोधता शोधता दिवस जातो. दुसरं घड्याळाचं. ‘आज’ अशी कमांड केली, की आजच्या तारखेची तिथी काढून उत्तर येतं. अशी टेस्ट आज पास होईल आणि उद्या पडेल. तारीख बाहेरून देता येईल असा शेल लिहा आणि टेस्टमध्ये ठरलेलीच तारीख द्या.

देवनागरीची परीक्षा

आता मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. वरचा शेल सीएमडी मॉड्यूलवर काहीही न बदलता उभा केला आणि ‘तिथी ८’ असं टाइप केलं, तर ते ती कमांड ओळखतच नाही. कमांडचा शब्द कुठे संपतो हे ठरवायला त्याच्याकडे अक्षरांची एक यादी असते आणि त्या यादीत फक्त रोमन अक्षरं, रोमन आकडे आणि अधोरेषा आहे. पहिलंच अक्षर ‘त’ यादीत नाही, म्हणून कमांडचा शब्द रिकामा ठरतो आणि सगळी ओळ अनोळखी म्हणून परत येते. वास्तविक पायथॉनमध्ये २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं. भाषा तयार आहे, तिच्यासोबत येणारं हे मॉड्यूल अजून तयार नाही.

यादी वाढवता येते. मग सहज सुचतं, की तिच्यात स्वर आणि व्यंजनं घालावीत. तेवढंच केलं तर ‘तिथी’ शब्द ‘त’ पाशीच तुटतो, कारण संगणकाच्या लेखी ‘ति’ हे एक अक्षर नाही. ‘त’ वेगळा आणि वेलांटी वेगळी. ‘तिथी’ आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, संगणक चार चिन्हं मोजतो. ‘अष्टमी’ आपल्याला तीन अक्षरांची, संगणकाला सहा चिन्हांची, कारण जोडाक्षरातला हलन्तही तो वेगळा धरतो. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त, सगळं यादीत घालावं लागतं. या मोजणीचा त्रास छापतानाही होतो. तिथींची नावं एका रांगेत, वेळा दुसऱ्या रांगेत, असं कोष्टक चिन्हं मोजून आखलं तर रांगा वाकड्या येतात. ‘तिथी’, ‘अष्टमी’, ‘पौर्णिमा’ हे तीन शब्द टेस्टमध्ये घातले, की यांतल्या बऱ्याच चुका पहिल्याच फेरीत पकडल्या जातात.

आकड्यांची गंमत वेगळी आहे. मजकुरातून पूर्णांक काढणारं पायथॉनचं फंक्शन ‘८’ हा देवनागरी आकडा बिनतक्रार आठ म्हणून घेतं. जावाचंही घेतं. जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. आणि पायथॉनच्याच शेलमध्ये ‘८ + १’ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं, तर व्याकरणाची चूक दाखवली जाते, कारण मजकुरातला आकडा आणि कोडमधला आकडा यांचे नियम निराळे आहेत. तेव्हा रोमन आठ, देवनागरी आठ आणि ‘आठ’ हा शब्द, या तिन्हींच्या टेस्ट हव्यात. तिसऱ्याला उत्तर द्यायचं की नम्रपणे नाही म्हणायचं, ते आपण ठरवावं, पण ठरवावं.

सगळ्यांत नाजूक जागा मराठीची स्वतःची आहे. ‘वाऱ्याचा’ यातला अर्धा र. तो दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडने मजकूर एकसारखा करण्याची जी प्रमाण रीत घालून दिली आहे, तीही या दोन रूपांना एक करत नाही. म्हणजे एका माणसाने लिहिलेली कमांड चालेल आणि शेजारच्याने लिहिलेली तीच कमांड चालणार नाही, आणि दोघांना कारण दिसणार नाही. उपाय आपल्या हातात आहे: ओळ वाचल्याबरोबर एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं आणि दोन्ही रूपांची टेस्ट लिहायची. ही टेस्ट कॅलिफोर्नियातल्या किंवा बर्लिनमधल्या प्रोग्रामरला सुचणं कठीण आहे. मराठी लिहिणाऱ्यालाच ती सुचेल.

संपूर्ण संभाषणाची टेस्ट

सुटे भाग तपासून झाले की सगळं संभाषण एकदा सलग तपासावं. इथे डॉकटेस्ट कामाला येते. ती टिम पीटर्स यांची. त्यांनी केलं असं, की शेलमध्ये झालेला संवाद जसाच्या तसा माहितीपत्रकात उतरवायचा, आणि संगणकाने प्रॉम्प्टपुढच्या ओळी पुन्हा चालवून खालची उत्तरं अक्षरशः ताडून बघायची. माहितीपत्रकातलं उदाहरण आणि टेस्ट एकच होतात, त्यामुळे कोड पुढे गेला आणि माहिती मागे राहिली असं होत नाही. डॉकटेस्ट पायथॉनच्या प्रॉम्प्टसाठी आहे, पण तीच रीत आपल्या शेलला लावता येते. वर दिलेला चार ओळींचा संवाद एका फाइलमध्ये ठेवा, ‘वेळा>’ ने सुरू होणाऱ्या ओळी शेलला द्या आणि उरलेल्या ओळी उत्तराशी जुळवा. पंधरा-वीस ओळींच्या कोडमध्ये हे जमतं. याचा मोठा फायदा असा, की ज्याला कोड येत नाही, पण पाण्याची वेळ नेमकी कळते, असा किनाऱ्यावरचा माणूसही ती फाइल वाचून चूक दाखवू शकतो.

याच्याही पुढे खऱ्या टर्मिनलची टेस्ट असते, बाण दाबून मागची कमांड आणणं, बॅकस्पेस, टॅबने शब्द पुरा होणं, अशा गोष्टींसाठी. अमेरिकेतल्या डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये यासाठी ‘एक्स्पेक्ट’ केलं. प्रोग्रामसमोर माणसाच्या जागी ते बसतं, ठरलेला मजकूर दिसेपर्यंत थांबतं आणि मग पुढचं टाइप करतं. पायथॉनमध्ये तेच काम ‘पीएक्स्पेक्ट’ करतं. अशा टेस्ट मंद असतात आणि मशीन संथ चाललं तर विनाकारण पडतात, म्हणून त्या मोजक्याच ठेवाव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ मध्ये नवा शेल आहे. त्याच्या निर्मात्यांनी बराचसा भार वेगळ्या रीतीने उचलला. त्यांनी टेस्टसाठी एक नकली कन्सोल लिहिला. त्याला एकामागून एक कळा दाबल्याच्या घटना द्यायच्या आणि शेवटी शेलच्या हातात कोणती ओळ तयार झाली ते बघायचं. कीबोर्ड नाही, पडदा नाही, तरी लिहिणं आणि खोडणं दोन्ही तपासून होतं. शेल नीट सुटा करून लिहिला, की हे शक्य होतं.

कामाची वाटणी

पायथॉनमध्ये टेस्टची नावंही मराठीत ठेवता येतात. आरंभीचा ‘टेस्ट’ एवढा शब्द रोमन लिपीत ठेवला, की पुढे ‘अष्टमीला भरती सहाला’ असं अधोरेषांनी जोडलेलं नाव चालतं. टेस्ट पडली की तेच नाव पडद्यावर येतं आणि काय बिघडलं ते मराठीतच कळतं. शाळा-कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवणाऱ्यांनी पहिल्या महिन्यातच असा एक लहान शेल मुलांकडून करून घ्यावा. विषय आपल्या गावचा घ्यावा: मांडव्याच्या बोटीची वेळ, भाताच्या पेरणीचा हिशेब, पाण्याची वेळ. आणि मुलांनी शेल लिहिण्याआधी त्याला विचारायचे वीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं कागदावर लिहून काढावीत. तो कागद म्हणजेच त्यांच्या टेस्ट.

दुसरं काम थोडं मोठं आहे. सीएमडीसारखी मॉड्यूल खुली आहेत, त्यांचा कोड कोणालाही वाचता येतो आणि दुरुस्ती सुचवता येते. पण ‘आमची भाषा चालत नाही’ एवढ्या तक्रारीने कोणी हलत नाही. पाच ओळींची पडणारी टेस्ट पाठवली तर हलावं लागतं, कारण ती कोणीही आपल्या मशीनवर चालवून बघू शकतो आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. मराठी येत नसलेल्या प्रोग्रामरलाही ‘वाऱ्याचा’ या शब्दाची दोन्ही रूपं शेजारी ठेवून दाखवता येतात. एकदा ती टेस्ट मूळ प्रकल्पात गेली, की पुढे तो कोड कितीही जणांनी बदलला तरी मराठीची काळजी घेतली जाते, आणि त्या जागी आपल्यापैकी कोणी बसलेलं असायची गरज उरत नाही.